‘मले’वरची लाल रेघ

लंडनच्या हॅरो भागातल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये मी दर शनिवारी सकाळी मराठी शिकवतो. म्हणजे मी शिकवतो. कुणी शिकतं असा माझा दावा नाही. मुलं दहा-बारा, सगळी इथंच जन्मलेली, सगळ्यांना आईवडिलांनी फुटबॉल बुडवून आणलेलं. एक मुलगी ‘माझा आई आला’ म्हणते. मी ‘माझी आई आली’ असं दुरुस्त करतो, तेव्हा ती माझ्याकडे दयेनं बघते. आई दारात उभी आहे, आलेली सगळ्यांना दिसतेय, मग हा माणूस एवढा त्रास का करून घेतोय? हॉलचा हीटर लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि नाही लावला की नाक गळतं. नोव्हेंबर ते मार्च यातलं कुठलं दुःख पत्करायचं, एवढाच निर्णय माझ्या हातात असतो.

पुण्यात मी एकोणीस वर्षं ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवलं. माझ्या लाल पेनाची तिथं दहशत होती. मग बायकोला तिच्या कंपनीनं इकडे पाठवलं आणि तिच्या व्हिसाच्या मागोमाग मी आलो. आठवड्यातले पाच दिवस मी कौन्सिलच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं कपाटात लावतो. तिथं माझ्या ऱ्हस्वदीर्घाशी कुणाला काही देणंघेणं नाही. शनिवारी मात्र मी तीन तास ‘सर’ असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ या सर होण्याच्या हौसेतून झाला.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर, वर्ग सुटून मी खुर्च्या एकावर एक रचत असताना एक गोरे गृहस्थ आत आले. ऐंशीच्या घरातले, उंच, पाठीत वाकलेले, टोपी हातात धरून उभे. ते स्कॉटलंडचे होते. हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं, म्हणजे त्यांचं इंग्रजी मला अजिबात कळलं नाही त्यावरून कळलं.

‘व्हेअर डू यू स्टे?’ त्यांनी विचारलं.

असला प्रश्न या देशात कुणी विचारला की मला आधी व्हिसा आठवतो. मी ताबडतोब सांगितलं की मला आणि बायकोला कायम राहायची परवानगी मिळालेली आहे आणि कागद घरी फाइलमध्ये आहेत. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्याकडे ‘राहता कुठे’ हे असंच विचारतात, एवढंच होतं ते.

‘पिनरला,’ मी ओशाळून म्हणालो.

‘आम्हीही,’ ते म्हणाले. मग थांबून, ‘म्हणजे मी. ती आता केअर होममध्ये असते.’

ती म्हणजे त्यांची बायको. नागपूरची. पन्नासेक वर्षांपूर्वी नर्स म्हणून स्कॉटलंडात डंडीच्या हॉस्पिटलात आलेली. हे तिथं रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. लग्न झालं, मूल झालं नाही, पुढे तिच्या बदलीपायी दोघं लंडनकडे सरकले. घरात जन्मभर इंग्रजी. मराठी फक्त रविवारी, नागपूरच्या बहिणीशी फोनवर. ती बहीण वारली. त्यानंतर हिला डिमेन्शिया झाला, आणि आधी आठवड्याचे वार गेले, मग माणसांची नावं गेली, मग एका उन्हाळ्यात इंग्रजी गेलं. मराठी राहिली. आता ती दिवसभर मराठीत बोलते आणि त्या होममध्ये एकालाही एक शब्द कळत नाही.

‘तिला माझं बोलणं कळत नाही,’ ते म्हणाले. ‘मी बोललो की ती भिंतीकडे बघते. मला फार नको. मी तोंड उघडलं की तिला वाटलं पाहिजे, हा घरचा माणूस आहे. एवढं होईल?’

‘होईल की,’ मी म्हणालो. उत्साहात मी हीटरही लावला.

ते रिकाम्या हातानं आले नव्हते. कोटाच्या खिशात एक छोटी वही होती. बायकोच्या तोंडून ऐकलेले पंचवीस-तीस शब्द त्यांनी त्यात रोमन अक्षरांत टिपले होते. पहिल्या पानावर मी वाचलं ‘मेल’, खाली ‘टूल’. पुरुष आणि हत्यार. मी जरा बिचकलोच. म्हातारबुवा नेमकं काय शिकायला आलेत? त्यांनी उच्चार करून दाखवला तेव्हा उलगडा झाला: मले आणि तुले. मले भूक लागली. तुले काय पायजे. पुढच्या पानांवर काहून, हाव (म्हणजे हो), येऊन रायली. आणि सगळ्यात वर, चौकट करून, जय भीम.

आता हे मला कळलं नव्हतं असं नाही. माझी बायको वर्ध्याची आहे. पण हातात लाल पेन होतं. मी ‘मले’वर रेघ मारून ‘मला’ लिहिलं. ‘तुले’चं ‘तुला’ केलं. ‘काहून’ आडवं कापून ‘का’ केलं. ‘मी आली’चं ‘मी आले’. चौकटीतल्या शब्दांशी हात जरा अडखळला. मग मी म्हणालो, ‘हे बरोबर आहे, पण सर्वसाधारणपणे आपण नमस्कार म्हणूया.’ हे वाक्य मी का बोललो ते मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे.

‘पण ती असंच बोलते,’ ते म्हणाले.

‘ती बोली आहे,’ मी म्हणालो. ‘तुम्ही पुस्तकी शिका, म्हणजे सगळीकडे चालेल.’

त्या माणसाला ती भाषा सगळीकडे चालवायची नव्हती. एका खोलीत चालवायची होती.

असा विद्यार्थी मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता. सिग्नलच्या केबिनमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे एक खटका चुकला तर काय होतं हे अंगात भिनलेलं. गृहपाठ दुप्पट करून आणायचे. आमच्यात गोंधळ व्हायचे ते माझ्या इंग्रजीमुळे. एकदा त्यांनी ‘आई आली पण बाबा आले’ यावर विचारलं, ‘हाउ?’ मी त्यांना जीभ टाळूला कशी लावायची, ओठ किती उघडायचे, हे दहा मिनिटं करून दाखवलं. त्यांनीही निमूटपणे जीभ टाळूला लावली. शेवटी कळलं की त्यांच्याकडे ‘हाउ’चा अर्थ ‘का’ असाही होतो. बाबा एकटेच असून अनेक का झाले, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

‘आदर,’ मी म्हणालो. ‘आदरणीय माणूस एकटा असला तरी आम्ही त्याला अनेकवचनी करतो.’

‘नवरा-बायकोतही?’

‘सुशिक्षित घरांत, हो.’ माझी बायको मला दिवसातून दोनदा ‘अरे गाढवा’ म्हणते, हे मी अभ्यासक्रमात घेतलं नाही.

आठ शनिवार झाल्यावर मी त्यांच्याकडून तीन वाक्यं घोटून घेतली. नमस्कार. आज आपली प्रकृती कशी आहे? आपल्याला काही हवे आहे का? त्यांचा ळ वाईट होता, म्हणून मी वाक्यांत ळ येऊच दिला नव्हता. माझ्या मते ही फार कुशल शिकवणी होती.

नवव्या शनिवारी ते अर्धा तास आधीच हजर. मुलांसाठी आणलेला बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवलेला, चेहरा फुललेला. खिशातून फोन काढून म्हणाले, ‘रेकॉर्ड केलंय. पूर्ण वाक्यांत उत्तर दिलं तिनं! आणि मी बोललो तशी खुर्चीतून उठून उभी राहिली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.’

आधी त्यांचा आवाज आला, माझ्या पुण्याच्या हेलात. अगदी मीच बोलतोय असं वाटलं. मग एका बाईचा बारीक, घाईचा आवाज.

‘बरी आहे सर. मी वेळेवर आली होती सर. आली… आले. आले होते. सिस्टरला विचारा सर. मला काढू नका.’

‘काय म्हणते?’ त्यांनी विचारलं.

त्या ‘आली… आले’ मध्ये मला सगळं ऐकू आलं. अठरा-एकोणीस वर्षांची, ट्रेनिंगला आलेली मुलगी. समोर माझ्यासारखं बोलणारं कुणीतरी टेबलापलीकडे बसलंय. आणि ती त्याच्या रागाच्या आधी आपली चूक आपणच खोडतेय.

‘बरी आहे म्हणते,’ मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. पहिल्या दोन शब्दांपुरतं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा काही उजळलेला होता की मी स्वतःला सांगितलं, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी दुसरं रेकॉर्डिंग आलं. त्यात ती सांगत होती की औषधांचा ट्रे तिनं पाडला नाही. ‘हवामान छान आहे म्हणते,’ मी म्हणालो. बाहेर गारांसकट पाऊस पडत होता. तिसऱ्या खेपेला ते कोटही न काढता बसले. फोन न काढताच म्हणाले, ‘मी बोलायला लागलो की ती उठून उभी राहते आणि मी जाईपर्यंत बसत नाही. मराठीत असं होतं का?’

मला घरी जाऊन बायकोला सांगावं लागलं. ती इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेतलं, एक बाही संपवली आणि म्हणाली, ‘म्हणजे तो बिचारा गेला नवरा व्हायला आणि तू त्याला वरचा साहेब करून पाठवलंस.’

‘मी प्रमाण भाषा शिकवली गं.’

‘मलाही शिकवली होतीस.’

‘तुला कधी?’

‘लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुझ्या आत्याकडे. मी म्हटलं, मी बाजारात गेली होती. तू सगळ्यांसमोर हसून म्हणालास, गेली नाही, गेले. त्यानंतर दोन महिने मी तुमच्या घरात हो आणि नाही एवढंच बोलले. तुम्हाला वाटलं, सून शांत आहे.’

मला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं हे मी बोललो नाही, तेवढी अक्कल आली होती.

‘तू चल ना,’ मी म्हणालो. ‘तू बोल त्यांच्याशी. तुझी भाषा आहे.’

‘होती,’ ती म्हणाली आणि दुसरी बाही पसरली.

मग मी मूर्खपणाचा कळस केला. ठरवलं, आपणच बोलू. विनोदी नाटकांत ऐकलेलं होतंच थोडं. रविवारी मी म्हातारबुवांबरोबर त्या होमला गेलो. खोली लहान, उकाडा भयंकर, खिडकी बोटभरच उघडणारी. बाई खिडकीशी बसल्या होत्या. लहानशा, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, अंगावर स्वेटर. मी दोन्ही हात कमरेवर ठेवले (का ठेवले देव जाणे, नाटकात ठेवतात) आणि म्हणालो, ‘काहून व माय, जेवली का नाई?’

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या दिवशी त्या घाबरलेल्या नव्हत्या.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘तुमी कायले आमच्या नकला करून रायले?’

‘काय म्हणते?’ म्हातारबुवांनी विचारलं.

हवामानावर ढकलता येण्यासारखं ते नव्हतं. मी त्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि सांगितलं. आत्ताचं वाक्य, मग ट्रेचं, मग ‘मला काढू नका’. मग वहीतल्या लाल रेघा. त्यांचे शब्द बरोबर होते, मी चुकीचे केले, हेही. एक केअरर चहाची ट्रॉली ढकलत आमच्यामधून गेली आणि आम्ही दोघांनी तिला ‘सॉरी’ म्हटलं.

ट्रॉली वळेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, ‘आमच्या शाळेत मास्तरांकडे चामड्याचा पट्टा असायचा. घरची बोली तोंडातून आली की हातावर. मी सात वर्षांचा होतो. मास्तरही आमच्याच गावचा होता.’

मी मान खाली घातली.

‘डंडीत आम्ही भेटलो ना, तेव्हा तिला नीट इंग्रजी येत नव्हतं आणि मलाही नव्हतं. म्हणून जमलं.’ टोपीची कड ते बोटांनी फिरवत होते. ‘तीन आठवडे मी तिला घाबरवत होतो. आणि तुला ते माहीत होतं.’

‘हो.’

‘मग आता मी काय बोलू तिच्याशी?’

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, ‘तुझी बायको येईल का विचार.’ आणि आत गेले. दार लोटून घेतलं.

बायकोनं आठवडाभर हो-नाही केलं. ‘तोंडात बसत नाही रे आता,’ म्हणायची. पण बुधवारी बाथरूममधून पुटपुटणं ऐकू आलं: ‘मला… मले. मले. मले वाटते.’ मी दाराबाहेर उभा होतो. आत जे चाललं होतं ते ऐकण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून मी जाऊन भांडी घासली.

रविवारी ती खोलीत शिरली आणि दारातूनच म्हणाली, ‘जय भीम, मावशी.’

बाईंचा चेहरा असा फिरला, जणू जुन्या ओळखीचं कुणी आलं होतं. ‘जय भीम व बाई! लय दिवसानं आली. बस ना, उभी काहून?’

मग त्या दोघी बोलत राहिल्या. माझी बायको सुरुवातीला अडखळली. पाच मिनिटांनी तीच मला अनोळखी वाटायला लागली. आवाज मोठा झाला होता, हात हलत होते, ती वाक्याच्या मधेच हसत होती. इतकी वर्षं आमच्या घरात ती अशी कधीच हसली नव्हती. विषय अंबाडीच्या भाजीचा होता. बायको गूळ टाकते म्हणाली.

‘गूळ कायले टाकते व? पुन्याची हाय का तू?’

‘मी नाही मावशी. नवरा हाय पुण्याचा.’

‘अवं माय!’ बाई म्हणाल्या, आणि दोघींनी माझ्याकडे वळून सहानुभूतीनं पाहिलं.

म्हातारबुवा भिंतीशी उभे होते. मी त्यांच्या कानाशी लागून प्रत्येक शब्द सांगत होतो, गुळासकट. या वेळी काही गाळायचं नाही असं ठरवलं होतं. बाईंची नजर त्यांच्यावर गेली. त्यांनी आवाज जरा खाली आणला.

‘हा गोरा म्हातारा कोन हाय व? रोज येऊन रायला. चांगला हाय बिचारा. कोनी नाई वाटते त्याले.’

मी सांगितलं. म्हातारबुवांनी पहिल्या भागावर डोळे मिटले. मग विचारलं, ‘हाय म्हणाली? आहेत नाही?’

‘हाय.’

‘एकवचन.’

‘एकवचन.’

‘म्हणजे मी आता सर नाही,’ ते म्हणाले.

‘मावशी,’ माझी बायको म्हणाली, ‘तुहा नवरा होय ना तो.’

बाई खळखळून हसल्या. ‘काय बोलते व! माहा नवरा तं तरना पोट्टा हाय. ड्यूटीवर गेला तो.’

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं: तिचा नवरा तरुण आहे, कामावर गेलाय.

ते ऐकून त्यांनी मान हलवली, नेहमी एखादा नियम समजला की हलवायचे तशी. ‘कधी परत येणार म्हणते?’

बायकोनं बाईंना विचारलं.

‘येईन तो संध्याकाळी,’ बाई म्हणाल्या. ‘मी वाट पाहून रायली.’

म्हातारबुवांनी कोट काढला, दारामागच्या हुकाला अडकवला, आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून बसले. मग माझ्या बायकोला विचारलं, मला नाही, ‘मीही वाट बघतोय, हे कसं म्हणायचं?’

‘मी बी वाट पाहून राहिलो,’ ती म्हणाली.

त्यांनी प्रयत्न केला. शेवटचा शब्द दाताखाली आला. ‘राईलो.’

‘राईलो नाई,’ बाई म्हणाल्या. ‘रायलो.’

‘रायलो.’

‘हाव. आता पुरं म्हन.’

‘मी बी वाट पाहून रायलो.’

‘कोनाची?’ बाईंनी विचारलं.

याचं उत्तर त्यांना येत नव्हतं. ते आमच्याकडे वळले नाहीत, आम्हीही सुचवलं नाही. बायकोनं पर्स उचलली. आम्ही निघालो तेव्हा ते तसेच बसले होते, आणि बाई त्यांच्याकडे बघत होत्या, कसलीही घाई न करता, उत्तर येईल या भरवशानं.